ठोकेमास्तरांची आतली तपासणी

त्यांचं खरं नाव रिपोर्टाखालच्या सहीपुरतं उरलं होतं. कारखान्यांमधून सगळे त्यांना ठोकेमास्तर म्हणत, कारण ते आले की आधी ठोका ऐकू यायचा आणि मग माणूस दिसायचा. खिशात वीतभर लांबीचा हातोडा. वाफेची असो, हवेची असो, कुठलीही दाबाची टाकी समोर आली की मास्तर तिच्या पायांवर, बोल्टांवर हलकेच टकटक करत आणि मान तिरकी करून ऐकत. सव्वीस वर्षं ते एका तपासणी कंपनीत निरीक्षक होते, आणि नियमांचं ते उशीएवढं जाड पुस्तक त्यांना पानांच्या आकड्यांसकट पाठ होतं.

कडकपणाबद्दल त्यांची ख्याती होती. सेफ्टी व्हॉल्व्हचं सील तुटलेलं दिसलं की टाकी बंद. दाबाच्या घड्याळाचा काटा शून्यावर येत नसला की टाकी बंद. चहाला ते हात लावत नसत, आणि पाण्याची बाटली घरून आणत. कारखान्याच्या पाण्याचीही लाच नको म्हणून आणतात, असं लोक हसून म्हणायचे, पण हसण्यात आदर असायचा. मास्तरांनी सही केली म्हणजे टाकीकडे पाठ करून झोपावं, असं एक मालक चारचौघांत म्हणाला होता. मास्तरांनी ते ऐकलं आणि कामाचं निमित्त करून तिथून निघून गेले.

कारण नऊ वर्षांत ते एकाही टाकीच्या आत गेले नव्हते.

झालं होतं ते सांगायला गेलं तर काहीच नाही. एका साबणाच्या कारखान्यात उभ्या टाकीच्या पोटात ते तपासणीसाठी उतरले होते. आत जायचं तोंड लंबगोल, खांदे तिरके केल्याशिवाय माणूस मावणार नाही एवढंच. काम आटोपून बाहेर येताना एक हात आणि डोकं बाहेर आलं, आणि डगल्याचा पट्टा आतल्या कुठल्या तरी खुंटीला अडकला. दुसऱ्या हातातला दिवा खाली पडून विझला. तोंडाशी उभं राहायला नेमलेला माणूस नेमका फोन घ्यायला गेला होता. मास्तरांना पुढे येता येईना, मागे जाता येईना, छाती भरून श्वास घेता येईना. सात मिनिटं, फार तर आठ. मग तो माणूस आला, पट्टा कापला, मास्तर बाहेर आले आणि म्हणाले, “पोट कमी करायला हवं.” सगळे हसले. तेही हसले. त्या दिवसापासून घरी न्हाणीघरात गेले की ते आतून कडी लावत नसत.

पुढच्या टाकीला त्यांनी पाय उचलला आणि पायानं ऐकलं नाही. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते त्यांना तेव्हा कळलं. बाहेरून त्यांनी डोकं आणि एक हात आत घातला, बॅटरी फिरवली, जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. ज्या टाक्यांवर उष्णता धरून ठेवायला लोकरीचं जाड पांघरूण आणि त्यावर पत्रा असतो, त्यांच्या भिंतीची जाडी आतूनच मोजावी लागते. जाडी मोजायचं यंत्र मास्तरांच्या पिशवीतच राहिलं. घरी आल्यावर त्यांनी मागच्या वर्षीचा रिपोर्ट काढला आणि तेच आकडे नव्या कागदावर उतरवले. एकदाच, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

नियमात याला सोपी वाट होती. आत जाणं ज्याला जमत नाही त्यानं तसं कळवावं, दुसरा पात्र निरीक्षक जाईल. कंपनीत वेताच्या काठीसारखे दोन तरुण निरीक्षक होतेही. एक वाक्य बोलायचं होतं, “मला आत जाववत नाही.” ते वाक्य मास्तरांच्या ओठांवर आलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यांनी ती झाकूनच ठेवली, आणि दर वर्षी ती झाकायला थोडा जास्त जोर लागू लागला.

मास्तरांनी लग्न केलं नव्हतं. त्यांची थोरली बहीण शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावर ती त्यांच्याकडे राहायला आली. मास्तरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वारुळं, म्हणून रिपोर्ट टाइप करायचं काम ताईनं आपणहून घेतलं. दर रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती चष्मा लावून बसायची आणि हे कागद धुऊन काढल्यासारखे स्वच्छ करायची. नुसतं टाइप करणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं ते नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं होतं. पुस्तक लिहिणाऱ्याला मराठी आणि गणित दोन्ही बरं येतं, पण एकाच वाक्यात येत नाही, असं ती म्हणायची.

मग नियम बदलले. नव्या फॉर्मवर जाडीचे आकडे देऊन भागत नव्हतं. मागच्या जाडीतून आताची वजा करायची, मधल्या वर्षांनी भागायचं, म्हणजे पत्रा दर वर्षी किती झिजतो ते कळतं. मग आताच्या जाडीतून किमान लागणारी जाडी वजा करायची आणि झिजेच्या दरानं भागायचं, म्हणजे टाकीचं उरलेलं आयुष्य निघतं. पुढची आतली तपासणी किती दिवसांनी, ते त्यावरून ठरणार. ताईला हा नियम फार आवडला. टाकी झिजणारच हे मान्य करून मग हिशेब मांडणारा माणूस शहाणा असला पाहिजे, असं ती म्हणाली.

त्याच रविवारी तिनं चष्मा कपाळावर सरकवला. “धाकट्या, इथे अडलं बघ. मागची जाडी नऊ पॉइंट आठ मिलिमीटर, आताची नऊ पॉइंट आठ. झीज शून्य. शून्यानं भागायचं कसं?”

मास्तर भांडी पुसत होते. त्यांनी हातातली ताटली पुन्हा पुसली. पोलाद चांगलं असलं की असं होतं कधी कधी, असं काहीतरी ते बोलले.

“असेल,” ताई म्हणाली.

तिनं पुढचा कागद घेतला. तिथेही शून्य. त्याच्या पुढचाही तसाच. संध्याकाळपर्यंत सात कागद झाले आणि सातही जागी तिनं पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवली. काही विचारलं नाही. चाळीस वर्षं तिनं मुलांच्या वह्या तपासल्या होत्या. उत्तर शेजारच्याचं बघून लिहिलंय हे ओळखायला तिला कितीसा वेळ लागणार, हे मास्तरांना ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. ताई उठून गॅसपाशी गेली तरी त्यांना वाटायचं, आता विचारते.

त्या आठवड्यात मास्तरांनी जे केलं त्याची लाज त्यांना पुढे सगळ्यात जास्त वाटली. भीतीनं खोटं लिहिणं वेगळं. हे त्यांनी शांतपणे, जेवण झाल्यावर, पेन्सिलीला टोक करून केलं. त्यांनी सातही कागदांवर नऊ पॉइंट आठचं नऊ पॉइंट सात केलं. दोन ठिकाणी, एकसारखं दिसू नये म्हणून, नऊ पॉइंट सहा केलं. आणि पुन्हा मोजून आलो असं सांगून कागद ताईपुढे ठेवले.

ताईनं ते टाइप केले. पहिला कागद टाइप होऊन बाहेर आला तेव्हा तो तिनं दोन्ही हातांनी धरून पाहिला.

“आता भागाकार जमला,” ती म्हणाली. “एकोणतीस वर्षं निघालीत. आपल्या दोघांच्या मागे राहील ही.”

मास्तरांनी मान हलवली. त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी गुणगुणली नाही, आणि पुस्तक वाचायलाही बसली नाही.

पुढच्या महिन्यात पुठ्ठ्याच्या कारखान्याची पाळी होती. तिथे गवताचा लगदा वाफेवर आणि कॉस्टिक सोड्यात शिजवायची मोठी टाकी होती, दोन मजले उंच, लोकरीच्या पांघरुणातली. आत उतरायचं तोंड वर, माथ्यावर. टाकी दोन दिवस थंड करून ठेवलेली, वाफेच्या नळीत तबकडी घालून ती बंद केलेली, आतली हवा तपासून झालेली. सगळं पुस्तकाबरहुकूम. ते मास्तरांनी एकेक करून पाहिलं आणि वहीत लिहिलं, कारण बाहेरच्या गोष्टीत त्यांनी कधी कसूर केली नव्हती.

वर जाळीच्या फळीवर टाकीवाला उभा होता. ही टाकी चालवणारा आणि वर्षातून दोनदा आत उतरून धुणारा माणूस तो. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं दोरीसारखा. मास्तर तोंडाशी बसले, बॅटरी काढली, आणि डोकं आत घालायला वाकले.

“मास्तर, मागच्या खेपेला मी बोललो होतो,” टाकीवाला म्हणाला. “वाफ आत येते ना, त्या नळीच्या खाली. हात फिरवला की खरखर लागते. आदल्या वर्षीही बोललो होतो.”

मास्तरांना आठवत होतं. आपण काय उत्तर दिलं होतं तेही आठवत होतं. लगद्याचा थर असेल, नीट धुवत जा, असं ते म्हणाले होते. त्यांनी आताही तेच म्हणायला तोंड उघडलं.

टाकीवाला त्यांच्या शेजारी उकिडवा बसला. खाली कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो म्हणाला, “तुम्हाला आत जाववत नाही, मला माहीत आहे. रागावू नका. आम्हा सगळ्यांनाच माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या वर्षीच कळलं. तुमचा डगला टाकीवर चढताना जेवढा स्वच्छ, उतरतानाही तेवढाच स्वच्छ. आत जाऊन आलेला माणूस असा दिसत नाही. पण तुम्ही पैसे मागत नाही, त्रास देत नाही, आणि मालकांचंही काम होतं. मग कशाला बोलायचं, असं ठरलं होतं आमचं.”

नऊ वर्षं जे त्यांनी छातीशी धरून ठेवलं होतं ते या लोकांनी जेवणाच्या सुट्टीत वाटून घेतलं होतं. आपल्या मागे हे काय म्हणत असतील, उंटावरून शेळ्या हाकणारा मास्तर म्हणत असतील, याची त्यांनी कल्पना केली आणि त्यांचे कान तापले. पण टाकीवाल्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती. तो वाट पाहत होता. मास्तरांनी एकदा त्या भोकाकडे पाहिलं, एक पाय आत सोडला, गुडघ्यापर्यंत गेला, आणि तिथेच त्यांच्या तळहातांना घाम फुटून लोखंडी कडेवरचा हात सटकला. त्यांनी पाय वर घेतला.

मग त्यांनी पिशवीतून यंत्र काढलं. पत्र्याला जेल कसं लावायचं, त्यावर यंत्राची चकती कशी दाबून धरायची, आकडा स्थिर झाल्यावरच कसा वाचायचा, हे त्यांनी टाकीवाल्याला तीन वेळा दाखवलं. हेही नियमाला धरून नव्हतं. मोजणारा माणूस पात्र असावा लागतो. पण त्या घटकेला त्या फळीवर त्या कामाला आपल्यापेक्षा जास्त पात्र कोण आहे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही, कारण उत्तर समोर शिडीवर पाय ठेवून उभं होतं.

टाकीवाला उतरला. आतून त्याचा आवाज डेऱ्यातून आल्यासारखा यायचा. “नऊ पॉइंट चार.” मास्तर लिहीत गेले. “नऊ पॉइंट एक. आठ पॉइंट आठ.” आकडे खरे होते, म्हणून एकसारखे नव्हते. मग बराच वेळ आवाज आला नाही. “मास्तर, नळीच्या खाली आलो. सहा पॉइंट दोन.” थोड्या वेळानं, “इथे पाच पॉइंट एक दाखवतंय. चुकतंय का माझं?”

“पुसून पुन्हा लाव.”

“पाच पॉइंट एक.”

किमान जाडी सहा पॉइंट आठ हवी होती. मास्तरांनी आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. पेन कागदातून आरपार गेलं.

ते खाली उतरले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. टाकीच्या पायाशी सहा-सात माणसं डबे उघडून बसली होती. इथेच का बसता, असं त्यांनी विचारलं. एकानं सांगितलं की टाकी चालू असली की इथे ऊब असते, म्हणून सवय लागली आहे. बारा महिने इथेच जेवतो. तो माणूस टाकीला पाठ टेकून बसला होता, ज्या बाजूला वरून वाफेची नळी येत होती त्या बाजूला.

फोरमन आला. मास्तरांनी त्याला सांगितलं की टाकी चालू करता येणार नाही, आणि वही दाखवली. फोरमन चांगला माणूस होता, पण त्याच्या डोळ्यांपुढे बंद पडलेला कारखाना उभा राहिला. त्यानं कपाटातून मागचा रिपोर्ट आणला आणि माणसांच्या देखतच विचारलं, “मागच्या वर्षी तुम्हीच इथे नऊ पॉइंट आठ लिहिलंय. एका वर्षात एवढं कसं खाल्लं?”

उत्तरं होती. यंत्र बिघडलं असेल, जागा वेगळी असेल, कॉस्टिक जास्त पडलं असेल. मास्तरांना सगळी सुचली. जेवणारे हात थांबले होते.

“एका वर्षात नाही खाल्लं,” ते म्हणाले. “मागच्या वर्षी मी आत गेलो नव्हतो. त्याच्या आधीही नाही. ते आकडे मी घरी बसून लिहिलेत.”

टाकीला टेकून बसलेल्या माणसानं पाठ सोडवली, डब्याला झाकण लावलं आणि उठून दूर भिंतीपाशी जाऊन बसला. मग एकेक करून बाकीचेही उठले. कुणी शिवी दिली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

कंपनीच्या मोठ्या साहेबांना त्यांनी त्याच दिवशी तोंडी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी लिहून दिलं. साहेबांनी कागद वाचला, घडी केली, पुन्हा उघडला. रागावतील अशी मास्तरांची तयारी होती. साहेब एवढंच म्हणाले, “मला सांगितलं असतंत तर मी दुसऱ्या कुणाला आत पाठवलं असतं. बस, एवढंच होतं हो.” ते वाक्य मास्तरांना चाबकासारखं लागलं, कारण ते खरं होतं. परवाना गेला. त्यांच्या वाट्याच्या टाक्या कंपनीतल्या एका तरुण निरीक्षक बाईंकडे गेल्या. बाईंनी पहिल्याच दिवशी निरोप पाठवला की कोणत्या टाकीत मास्तर खरंच गेले होते आणि कोणत्या नाही, याची यादी हवी. सगळ्यात आधी कुठे जायचं ते त्यावरून ठरेल.

रविवारी दुपारी ताईनं नऊ वर्षांच्या फायली टेबलावर मांडल्या. ती टाकीचं नाव आणि वर्ष वाचायची, मास्तर सांगायचे. “नाही.” ती पुढचं वाचायची. “नाही.” बाहेरून दिसणाऱ्या, पांघरूण नसलेल्या टाक्या त्यांनी नीट मोजल्या होत्या, तिथे ते “मोजली, पण आतून पाहिली नाही” म्हणत, आणि ताई तेवढंही लिहून घ्यायची. मध्येच तिनं पाणी आणून दिलं. दोनशेच्या वर कागद झाले तेव्हा तिनं चष्मा काढला.

“तुझं ते नऊ पॉइंट सात मला त्याच दिवशी कळलं होतं,” ती म्हणाली. “खोडरबरानं कागद पातळ झाला होता. तरी मी टाइप केलं.”

“का?”

“तू मला धाकटा आहेस म्हणून. आणि वर विनोद केला मी. एकोणतीस वर्षं म्हणे.” ती खिडकीकडे पाहत होती. “मुलांना मी यासाठी बाकावर उभं करत असे.”

मग तिनं चष्मा लावला आणि पुढचं नाव वाचलं.

निरीक्षक बाईंनी पावणेदोन महिन्यांत त्रेचाळीस टाक्या पाहिल्या. अठ्ठावीस ठीक होत्या. तेरा टाक्यांची मुदत कमी करावी लागली. दोन ताबडतोब बंद झाल्या, त्यातली एक त्या सातांपैकी होती, जिला मास्तरांनी पेन्सिलीला टोक करून एकोणतीस वर्षं दिली होती. कुणाला इजा झाली नाही. लोक म्हणाले, नशीब. तो शब्द ऐकला की मास्तर उठून जात.

साहेबांनी त्यांना अगदीच रस्त्यावर आणलं नाही. मागच्या खोलीत दाबाची घड्याळं तपासायचं टेबल होतं, तिथे बसवलं. कारखान्यांतून आलेलं घड्याळ पक्क्या घड्याळाशेजारी लावायचं, दाब द्यायचा, फरक लिहायचा. मास्तरांनी तिथे एक पद्धत पाडली. आकडा ते एकट्यानं वाचत नसत. घड्याळ घेऊन आलेल्या माणसालाही वाचायला लावत आणि दोघांचे आकडे शेजारी लिहून त्याची सही घेत. तरुण निरीक्षक गालातल्या गालात हसायचे. मास्तरांनी कारण सांगितलं नाही.

वर्षभरानं एका सकाळी टाकीवाला घड्याळ घेऊन आला. मास्तर उठून उभे राहिले, मग उभं का राहिलो ते न कळून बसले. काटा स्थिर होईपर्यंत दोघांना थांबायचंच होतं. मास्तरांनी विचारलं की कारखाना बंद होता तेव्हा कसं निभावलं. टाकीवाल्यानं सांगितलं की अडीच महिने घरी होतो, बायकोनं घरातली सगळी दारं रंगवून घेतली, दोन तर दोनदा. नवी टाकी आली आहे. आत जायचं तोंड आता बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीवर आहे, म्हैस जाईल एवढं.

“एकदा या बघायला,” तो म्हणाला. “नुसतं बाहेरून बघा.”

येईन, असं मास्तर म्हणाले. त्यांनी काटा वाचला, लिहिला, आणि वही त्याच्याकडे फिरवली. टाकीवाल्यानं वाकून, डोळे बारीक करून आकडा वाचला. तोच आला. त्यानं सावकाश सही केली, घड्याळ फडक्यात गुंडाळलं, आणि निघताना मास्तरांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला.

जिन्यावरची पावलं थांबेपर्यंत मास्तरांनी वहीतून मान वर केली नाही. त्या कारखान्याकडे ते पुढेही कधी गेले नाहीत.